वाचक विचारतात: गंजलेली एमजीबी, जाम इंजिन आणि पावसाळा

प्रश्न: मामांकडून १९६९ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) मिळाली आहे. दहा-बारा वर्षं सोसायटीच्या आवारात प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली उभी होती. दारांखालचा पत्रा बोटाने दाबला तरी चुरगळतो. मला स्पॅनर धरण्यापलीकडे काही येत नाही. घरी काम करता येईल का? सुरुवात कुठून करू?
— वाचक, माहीम

उत्तर: करता येईल. आधी ती ताडपत्री काढून टाका. खाऱ्या हवेतला दमटपणा तिच्याखाली कोंडतो आणि उघड्यावरच्या गाडीपेक्षा झाकलेली गाडी लवकर कुजते. वर छप्पर असावं, पण बाजू मोकळ्या असाव्यात.

पहिले दोन रविवार काहीही खोलू नका. एक जुना स्क्रूड्रायव्हर आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरा. बॉनेट सोडून (या काळातल्या एमजीबीला ते ॲल्युमिनियमचं असू शकतं) चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून ठेवली आहे. पुढच्या चाकांच्या मागची बाजू, दारांचे तळ, फ्लोअरच्या कडा आणि मागच्या पाट्याची (लीफ स्प्रिंगची) पुढची बैठक या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. सीटच्या मागे दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्यांचे खोके असतात, तेही उघडून बघा. तिथला पत्रा ॲसिडने हमखास खाल्लेला असतो. जे सापडेल ते खडूने खुणा करून फोटोत टिपून ठेवा. यादी हाती आली की खर्चाचा अंदाज येतो, आणि गाडी ठेवायची की नाही हेही तेव्हाच ठरवावं.

आता दारांखालचा पत्रा, म्हणजे सिल. एमजीबीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही आणि रोडस्टरला छतही नाही, त्यामुळे गाडीची कंबर म्हणजे हे दोन सिल. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि खालची पट्टी मिळून एक पेटी बनते. नवशिके बाहेरचा कुजका पत्रा कापून नवा चढवतात, आत डोकावतही नाहीत. त्याहून मोठी चूक म्हणजे आधार न देता कापणं. मग गाडी मधोमध खचते, दाराची वरची फट मिटते आणि नवा सिल तशा वाकड्या अवस्थेतच वेल्ड होतो. ते पुन्हा सरळ करायचं तर सगळं परत कापावं लागतं.

म्हणून क्रम असा ठेवा. गाडी सपाट जागी चाकांवर उभी करा, किंवा पुढचा क्रॉसमेंबर (आडवा तुळईसारखा भाग) आणि मागचा ॲक्सल यांच्याखाली जॅकस्टँड लावा. दार बंद करून चारही बाजूंची फट मोजा आणि मास्किंग टेपवर तिथल्या तिथे लिहा. मग दार काढून बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत २५ मिमीचा चौकोनी पाइप आतल्या बाजूने आडवा वेल्ड करा, म्हणजे दार परत बसवता येईल. एका वेळी एकच बाजू कापायची. नवा पत्रा आधी फक्त टाके मारून बसवायचा, दार परत लावून फट टेपवरच्या आकड्यांशी ताडायची, आणि जुळली तरच पक्कं वेल्डिंग. या गाडीचे सिल ब्रिटनमध्ये अजूनही नवे तयार होतात, तेच मागवा. छोटी ठिगळं इथेच सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून कापता येतात: भार घेणाऱ्या जागी १८ गेज (जाड), वरच्या कातडीला २० गेज (पातळ).

वेल्डिंग सीओटूचंच (तारेचं, कार्बन डायऑक्साइडच्या आवरणातलं) घ्या, ०.८ मिमी तारेचं. गॅसच्या ज्योतीने आजूबाजूचा पत्रा तापून लाटा येतात. सीओटूनेही सलग ओढायचं नाही. एक सेंटिमीटर इथे, पुढचा हातभर लांब, मग परत मध्ये. कापणं, घासणं, जुळवणं तुम्ही करा. वेल्डर दोन-तीन दिवसांसाठी बोलवा. कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा चढवू देऊ नका. तो ते सुचवणारच, कारण वेळ वाचतो. पण दोन पत्र्यांच्या फटीत पाणी ओढलं जातं आणि दोन पावसाळ्यांत गंज बाहेर फुलतो. रंग झाल्यावर सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा, मात्र तळाची पाणी जाण्याची भोकं बुजू देऊ नका.

मुंबईत हे वेळापत्रक कॅलेंडर बघूनच ठरवावं लागतं. कापाकापी दसऱ्यानंतर सुरू करा आणि मे संपायच्या आत पत्रा बंद करून टाका. घासलेला उघडा पत्रा इथे एका रात्रीत नारिंगी होतो. उघड्या हाताने धरलात तर घामाच्या मिठाने बोटांचे ठसेसुद्धा गंजून उमटतात. म्हणून जेवढं घासाल तेवढ्यावर त्याच दिवशी टू-के (हार्डनर मिसळायचा, दोन भागांचा) इपॉक्सी प्रायमर. वरचा राखाडी सरफेसर (रंगाआधी घासून गुळगुळीत करायचा थर) पाणी पितो, त्यावर गाडी पावसाळाभर ठेवली की खालून गंज धरतो. दमट दिवशी रंगही मारू नये: थिनर उडताना पत्रा गार होतो, त्यावर दव धरतं आणि रंग दुधाळ दिसतो. जून ते सप्टेंबर कार्ब्युरेटर, ब्रेक, वायरिंग अशी घरात बसून होणारी कामं काढा.

आणखी एक. ग्राइंडरच्या ठिणग्या शेजाऱ्याच्या गाडीच्या काचेत आणि रंगात रुततात, पहिल्या पावसानंतर तिथे तांबूस ठिपके दिसू लागतात. मग सोसायटीच्या सभेत तुमचा विषय पहिला. ओल्या गोणपाटाचा आडोसा करा. पेट्रोलची टाकी आधीच काढून दूर ठेवा, आणि पावडरचा अग्निशामक हाताशी असू द्या.

प्रश्न: ब्रॅकेट, बिजागऱ्या असे सुटे भाग घासून हात दुखले. दुसरा उपाय?
— वाचक, मुलुंड

उत्तर: दोन आहेत. घाई नसेल तर साखर कारखान्यातली मळी. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, भाग दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. वास येतो, त्यामुळे बाल्कनीत नको. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचं ओतकाम त्यात टाकू नका, ते खाल्लं जातं.

दुसरा बॅटरी चार्जरचा. प्लास्टिकच्या बादलीत दर ४ लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. गंजलेला भाग निगेटिव्हला, साध्या लोखंडाचा तुकडा पॉझिटिव्हला, दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. १२ व्होल्टवर रात्रभरात गंज सुटून काळा गाळ होतो, तो ब्रशने निघतो. पॉझिटिव्हला स्टीलचा चमचा लावणारे आहेत, तसं करू नका. स्टेनलेसमधून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ घातलं तर क्लोरीन वायू निघतो. हायड्रोजन तर निघतोच, म्हणून काम उघड्यावर करा आणि क्लिप काढण्याआधी चार्जर बंद करा. स्प्रिंगा या बादलीत घालू नका, हायड्रोजनने त्या ठिसूळ होतात. बाहेर काढलेला भाग लगेच वाळवून प्रायमर मारा, नाहीतर चहा होईपर्यंत पुन्हा लाली येते.

प्रश्न: इंजिन जाम आहे. मेकॅनिक म्हणतो, गाडी ढकलून गिअरमध्ये टाकू, सुटेल.
— वाचक, बोरिवली

उत्तर: सुटेल किंवा पिस्टनची रिंग मोडेल. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन समप्रमाणात ओता आणि आठवडाभर थांबा, मधेमधे पुन्हा घाला. ॲसिटोन पेटतं, जवळ ज्योत नको. मग क्रँकच्या पुढच्या नटाला सॉकेट लावून लांब दांड्याने पुढे-मागे हलवा. केसभर हललं तरी काम झालं समजा. फिरू लागल्यावर प्लग न लावताच स्टार्टर द्या, म्हणजे आतलं तेल भोकांतून उडून जाईल. तेल कोंडलेलं असताना प्लग लावून स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

चालू करण्याआधी टाकी रिकामी करून धुवा आणि पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला. आज पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं आणि सुटतं. पाइप विटॉनचे (असं पेट्रोल सोसणाऱ्या रबराचे) घ्या. ब्रेकचे रबरी पाइपही बाहेरून चांगले दिसले तरी बदलायचेच. आतून फुगले की पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहतो.

प्रश्न: माझ्या सेटमधले स्पॅनर ब्रिटिश नटांवर घसरतात. घाटकोपरला मिळणारे सगळे मिमीचेच आहेत.
— वाचक, विक्रोळी

उत्तर: अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यावर १३चा स्पॅनर ढिला बसतो आणि नटाचे कोपरे मारतो. इंची मापाचा सेट नागदेवी स्ट्रीटवर विचारा. ७/१६, १/२ आणि ९/१६ एवढ्या तिघांनी बरंचसं काम होतं.

प्रश्न: गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवावी का? नोंदणीआधी मारुतीचं इंजिन बसवून घेऊ?
— वाचक, ठाणे

उत्तर: २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली खासगी गाडी व्हिंटेज ठरते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल झालेला नसावा. मारुतीचं इंजिन बसवलंत तर तिथेच अडकाल. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात. गाडी आधीच नोंदलेली असेल तर जुना क्रमांक ठेवता येतो. मात्र ही गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी मरीन ड्राइव्हला फिरायचं असेल तर हा मार्ग नको, साधं आरसी बुकच नूतनीकरण करून चालू ठेवा. त्याच्या तपासणीला ब्रेक, दिवे आणि चासी नंबर बघतात, तेव्हा रंगाखाली नंबर बुजणार नाही याची पेंटरला आधीच ताकीद द्या.