अम्युझमेंट पार्कमध्ये जादा पैसे देऊन वेगळ्या, छोट्या रांगेतून जाणाऱ्या एक्सप्रेस तिकीटवाल्यांमुळे साध्या तिकीटवाल्यांची रांग लांबते का?

हो, लांबते. राइडची क्षमता ठरलेली असते. समजा एक झुला तासाला ८०० माणसं नेतो. त्यातल्या ३०० जागा एक्सप्रेसवाल्यांना दिल्या, तर साध्या रांगेला ५०० उरतात. म्हणजे तुमच्यापुढे ४०० जण असतील तर अर्ध्या तासाऐवजी ४८ मिनिटं. तिरुपतीला ३०० रुपयांचं दर्शन आणि मोफत दर्शन यांतला फरक ज्याने भोगलाय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

डिस्नीलँड १९५५ साली उघडलं, तेव्हा सुरुवातीची काही वर्षं नाही तर थेट १९८२ पर्यंत राइडनिहाय कुपनं होती. भारी राइड, महाग कुपन. मग एकाच तिकिटात सगळं आलं आणि लोकप्रिय राइडच्या रांगा हाताबाहेर गेल्या. १९९९ मध्ये फास्टपास आला, तोही फुकट: ठरलेल्या वेळी या, पटकन बसा. २०२१ पासून मात्र त्याचे पैसे पडू लागले. थोडक्यात, कुपनं मागच्या दाराने परत आली, असं माझं मत.

आपल्याकडे लहान मुलांचं तिकीट बहुतेक ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतं, तेव्हा घरीच मोजून निघा. (बूट काढून!)

एक्सप्रेस घ्यायचं की नाही? दिवाळी, मे महिना, रविवार असेल तर घ्या. शाळा चालू असताना मंगळवारी जाणार असाल तर ते पैसे वडापाव-आइस्क्रीमला ठेवा, आणि गेट उघडताच आधी सगळ्यात मोठ्या राइडकडे पळा.