उद्यापुरतं दूध

(सदर: बाळ-बाळंतीण. उत्तरं देतात प्रसूती वॉर्डातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर, कोल्हापूर.)

प्रश्न: सिस्टर, मी कागल एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत अकाउंट्सला आहे. राहायला कळंब्याला. रजेतले चार आठवडे बाळंतपणाआधीच गेले. बाळ आता सव्वाचार महिन्यांचं आहे, नुसतं अंगावर पितं. तीन आठवड्यांनी हजर व्हायचंय. सकाळी साडेआठला निघणार, घरी यायला साडेसहा. पंप आणला आणि बाळाचं पिऊन झाल्यावर लावून बघितला, तर बाटलीचा तळ झाकेल एवढंच दूध निघालं. मोबाईलवर एकेकीचे भरलेले फ्रीझर बघून रडू येतं. सासूबाई म्हणतात, शिळं दूध लेकराला कसलं देताय, पावडर आणा. ऑफिसात वेगळी खोली नाही, बाथरूमच आहे. दूध साठवायला कसं आणि किती लागू?

उत्तर: तुझ्या तारखा मी आधी कागदावर मांडल्या. 26 आठवड्यांतले चार आधी गेले, म्हणजे हजर होशील तेव्हा बाळ पाच महिन्यांचं असेल. सहा पुरे झाले की मऊ वरण-भात, नाचणीची खीर सुरू होईल. तुझ्यामागे नुसत्या दुधावर त्याला काढायचाय तो जेमतेम महिना. एवढ्यासाठी फ्रीझर कशाला भरतेस? पहिल्या दिवशी लागेल तेवढं दूध ठेव आणि आणखी एका दिवसाचं हाताशी असू दे. पुढं आज ऑफिसात काढलेलं उद्या बाळाला, शनिवारी काढलेलं सोमवारी. तुला उद्यापुरतं बघायचंय, बास.

आता किती ते. अंगावर पिणारं बाळ पहिल्या महिन्यानंतर सहाव्यापर्यंत दिवसाला साधारण 750 ते 800 मिली पितं. वजन वाढतं तसं दूध वाढत जात नाही, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. तू नसताना तासाला 30 ते 45 मिली धर, म्हणजे दहा तासांचे 300 ते 450. तीन-चार वेळा, दर खेपेला 90 ते 120. घरातली आमटीची वाटी एकदा पाण्यानं मोजून ठेव, म्हणजे सासूबाईंनाही अंदाज येईल.

आणि बाटलीचा तळ झाकला म्हणून रडतेस काय? बाळ पोटभर पिऊन गेल्यावर लावलास पंप, उरलंसुरलंच निघणार. पंपात किती पडलं यावरून अंगावर दूध किती आहे ते ठरत नाही. बाळ जेवढं ओढतं तेवढं यंत्र सहसा ओढत नाही. पहाटे छाती भरलेली असते, तेव्हाचं पहिलं पाजणं एका बाजूनं कर आणि दुसरी बाजू काढून घे. बाळानं पुन्हा मागितलं तर लाव निवांत. छाती पार रिकामी अशी कधी होतच नाही. रोज एकदाच, 30 ते 60 मिली निघालं तरी शेवटच्या दोन आठवड्यांत एक-दोन दिवसांची बेगमी होते. आळीवाचे लाडू, शतावरी, डिंक खुशाल खा, अंगाला बरं असतं. पण दूध वाढतं ते काढल्यानं. भरलेली छाती तशीच ठेवली की दूध बनणं मंदावतं, म्हणून ऑफिसात एकही वेळ चुकवू नकोस.

पंप आणलायस तर वापर, पण हातानं काढायलाही शीक. लाइट गेली, सेल संपले, एखादा भाग घरी राहिला, तरी हात बरोबर असतोच. हात साबणानं धू. कोमट पाण्यात पिळलेलं फडकं छातीवर दोन मिनिटं धर, बोटांच्या पोटांनी हलकं चोळ. मग अंगठा वर आणि तर्जनी खाली, निप्पलच्या बुडापासून तीनेक सेंटिमीटर मागं. आधी बरगड्यांच्या दिशेनं आत दाब, मग बोटं एकमेकांकडे आण, मग सोड. आत दाब, जवळ आण, सोड. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत आणि निप्पल ओढायचं तर अजिबात नाही. आमच्या वॉर्डात नव्या मुली हमखास तेच करायच्या आणि दूध येत नाही म्हणून हिरमुसायच्या. पहिली एक-दोन मिनिटं काहीच येत नाही. मग थेंब, आणि मग अचानक चार-पाच बारीक धारा, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, निम्मं वाटीत आणि निम्मं पदरावर. पान्हा फुटला. धार मंदावली की बोटांची जागा फिरव, मग दुसरी बाजू, मग परत पहिली. सगळं मिळून वीस ते तीस मिनिटं लागतात. दुखलं तर कुठंतरी जोर जास्त पडतोय. पान्हा घाईला आणि धास्तीला फुटत नाही, तेव्हा ऑफिसात बाळाचा फोटो नाहीतर त्याचं वापरलेलं झबलं जवळ ठेव. हसू नकोस, उपयोग होतो.

मेडिकलमध्ये रबरी फुग्याचा स्वस्त पंप मिळतो, तो मात्र घेऊ नकोस. त्या फुग्यात दूध शिरतं आणि आतून तो धुताच येत नाही.

आता सासूबाई. आपल्या गावात गंगावेशीला म्हैस समोर पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात देतात. त्यावर वाढलेल्या पिढीला फ्रीजमधलं दूध शिळं वाटणारच, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण सकाळच्या चहात आपण ओततो त्या पिशवीतलं दूधही आधीच कधीतरी काढलेलं आणि गार करून आणलेलं असतं, एवढं त्यांना सांग. मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये 1989 पासून आईच्या दुधाची बँक आहे, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. दुसऱ्या बायकांनी दिलेलं दूध तिथं पाश्चराइज करून, गोठवून, दिवसांआधी जन्मलेल्या एवढ्या-एवढ्याशा बाळांना देतात. तू तर स्वतःचं दूध स्वतःच्याच बाळाला देणार आहेस, त्याला पाश्चराइज करावं लागत नाही. पावडरीवर मी पाप-पुण्य लावत नाही. कधी कमी पडलं तर बालरोगतज्ज्ञांना विचारून द्या. पण हाताशी डबा आहे म्हणून एकेक वेळ पावडरीची झाली की तेवढं अंगावरचं आटत जातं. पावडर आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करायला आपल्या देशात 1992 च्या कायद्यानं बंदी आहे, ती काही उगाच नाही.

सासूबाईंना एक गोष्ट मात्र चार वेळा सांग: उकळायचं नाही. दूध दिसलं की पातेल्यात ओतून गॅसवर ठेवायची आपल्या हाताला सवय. हे उकळलं तर त्यातली जंतूंशी लढणारी बरीच ताकद जाते. मायक्रोवेव्हही नको, दूध कुठं गार, कुठं चटका बसेल असं होतं. डबी कोमट पाण्याच्या भांड्यात बसवायची, दूध अंगाएवढं कोमट झालं की पुरे. वर सायीसारखा थर दिसेल, ते फाटलेलं नसतं. डबी हलक्या हातानं गोल फिरवली की मिसळतं.

ठेवायचं झाकणाच्या स्टीलच्या नाहीतर काचेच्या छोट्या डब्यांत, वर तारीख. बाहेर 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तो हिशोबच धरू नकोस, लगेच फ्रीजमध्ये टाक. दारात नाही, आत मागच्या बाजूला. तिथं चार दिवस चालतं; लाइट जाते-येते म्हणून मी दोनच सांगते. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा म्हणजे डीप फ्रीझर नव्हे, त्यातलं दोन आठवड्यांत संपव. म्हणजे पहिल्या दिवसासाठीचं दूध शेवटच्या दोन आठवड्यांतलं असू दे, त्याआधीच्यावर घरच्यांचा पाजायचा हात बसू दे. गोठवताना डबी काठोकाठ भरायची नाही, दूध फुगतं. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवायचं, वितळल्यापासून 24 तासांत वापरायचं, परत गोठवायचं नाही. बाळाचं उष्टं दोन तासांनंतर टाकून द्यायचं. जीव तुटतो, माहीत आहे, म्हणून तर एका डबीत 60 मिलीच ठेवायचं. गोठवलेल्या दुधाला कधी साबणासारखा वास येतो, त्यानं अपाय होत नाही. बाळानं तोंड फिरवलं तर ताजं द्या.

ऑफिसचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बाथरूममध्ये काढायचं नाही. आपण तिथं बसून डबा खातो का? 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यानं बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा सुट्ट्या बाळाला पाजण्यासाठी दिल्यात. 50 किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघराची सोय हवी, हे 2017 च्या दुरुस्तीनं आलं. आता हे सगळं सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये गेलंय, पण तरतुदी त्याच आहेत. साहेबांना तोंडी सांगू नकोस, ते हो म्हणतात आणि विसरतात. एचआरला हजर व्हायच्या आधी लेखी अर्ज दे. 'योग्य ती सोय व्हावी' असलं मोघम लिहू नकोस. लिही: अकरा वाजता आणि चार वाजता वीस-तीस मिनिटं, आतून कडी लागणारी खोली, एक प्लग, जवळ हात धुवायला पाणी. जेवणाच्या सुट्टीतली एक वेळ धरून तीन होतात, तेवढं तुला पुरतं. फर्स्ट एडची खोली, रेकॉर्ड रूम, मीटिंगची काच असलेली खोली पडदा लावून, काहीही चालतं. दूध चहाच्या फ्रीजमध्ये नाव घालून ठेव नाहीतर बर्फाच्या पॅकसह थंड राहणाऱ्या पिशवीत, कळंब्यापर्यंत सुखरूप येतं. पहिले काही दिवस ब्लाउज ओला होईल. सुती घड्या आणि गडद ओढणी जवळ ठेव.

छातीत गाठ लागली तर दूध काढणं थांबवू नकोस, पण जोरात मळूही नकोस. लाली, ताप, थंडी वाजणं सुरू झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तेव्हाही बाळाला पाजायचं चालूच ठेवायचं असतं.

प्रश्न: माझी सून नोकरीवर जाते, दूध काढून ठेवते. नातू पाच महिन्यांचा. मी चमच्यानं पाजायला गेले की तोंड घट्ट मिटतो, निम्मं सांडतो. माझ्याच्यानं बघवत नाही. बाटली लावू का? (एक आजी, गडहिंग्लज)

उत्तर: काकू, बाटली एवढ्यात नको, ती स्वच्छ ठेवणं म्हणजे दुसरी नोकरी आहे आणि काही बाळं त्यानंतर अंगावर प्यायला कुरकुरतात. तुमच्या घरात बाळाला दूध पाजायचं जुनं नळीचं बोंडलं असेल तर तेही तूर्त बाजूला राहू दे, त्याच्या नळीत दूध अडकून राहतं. उघडी वाटी आणि चमचाच बरा. तो रडून लाल होईपर्यंत थांबू नका, चुळबुळायला लागला, मूठ चोखायला लागला की घ्या. आडवं झोपवून नाही, मांडीवर ताठ बसवून, डोक्याला हाताचा टेकू देऊन. चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि वाट बघा. ओतू नका. तो स्वतः जीभ बाहेर काढून चाटेल, मग गिळेल. आज चार चमचे, उद्या दहा. सूनबाई घरात असताना हा प्रयोग करू नका. आईचा वास आला की चमच्याला कोण विचारतं? ती गल्लीत फेरी मारून येऊ दे.

दिवसा थोडंच पिऊन रात्री आईला उठवत असेल तर घाबरू नका. आई कामावर असलेली पुष्कळ बाळं असा हिशोब भरून काढतात. लघवी सहा-सात वेळा होते आणि वजन वाढतंय, एवढं बघा. आणि ती सहाला घरी येत असेल तर साडेपाचला त्याला भरपेट पाजू नका. कमी वाटलं तर दोन-तीन चमच्यांवर भागवा, कारण आल्या आल्या तिला पाजायचं असतं आणि तिची छातीही तोवर टच्च भरलेली असते.