पायाचं हाड मोडलंय, चालणं बंद आहे, वजन वाढतंय. जेवण कमी करू का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: वजन ७८ किलो, करंगळीमागचं लांब हाड म्हणजे पाचवं मेटाटार्सल मोडलेलं, गुडघ्याखालचं प्लास्टर, अजून चार आठवडे पाय टेकवायला मनाई, रोजचं पाच किलोमीटर चालणं बंद. दोन आठवड्यांत काट्यावर दोन किलो जास्त दिसले, म्हणून रात्रीचं जेवण सोडायचा विचार आहे.

कृपा करून रात्रीचं जेवण सोडू नका. हाड सांधत असताना वजन उतरवायचं नसतं, आहे तिथे धरून ठेवायचं असतं. नवं हाड बनायला प्रथिनंही लागतात आणि ऊर्जाही. त्या काळात उपास घडला तर शरीर स्नायू मोडून आपली गरज भागवतं. प्लास्टरमधली पोटरी तशीही पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने आटते. जेवण तोडून जे वजन उतरेल त्यात स्नायूंचा वाटा मोठा असेल, आणि पुन्हा चालायला तेच स्नायू लागणार आहेत.

आता त्या दोन किलोंबद्दल. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. दोन आठवड्यांत दोन किलो चरबी चढायची तर रोज गरजेपेक्षा ११०० कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. नुसतं चालणं थांबल्याने एवढी तफावत पडत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचं प्लास्टरच किलोभराच्या आसपास भरू शकतं, शिवाय पायाची सूज आहे, वेदनाशामक गोळ्यांनी होणारी बद्धकोष्ठता आहे. त्यात एका पायावर डुगडुगत घेतलेलं वजन, म्हणजे तो आकडा मुळातच भरवशाचा नाही, आणि तोल जाऊन पडण्याची भीती वेगळीच. सध्या काटा बाजूला ठेवा आणि टेप घ्या. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, श्वास सोडून, बेंबीच्या रेषेत पोटाचा घेर मोजा. एखाद्या सेंटीमीटरचा फरक सोडून द्या. सलग दोन आठवडे घेर वाढताना दिसला तरच खाण्यात आणखी बदल करा.

खाण्यातून किती कमी करायचं, याचा हिशेब सोपा आहे. सपाट रस्त्यावर चालताना, बसून राहण्यापेक्षा जादा अशी, दर किलोमीटरला शरीराच्या दर किलोमागे साधारण अर्धी कॅलरी खर्च होते. ७८ किलो आणि ५ किलोमीटर, म्हणजे १९५. घरातली उठबस आणि जिने धरले तर रोजचे अडीचशे. कुबड्यांवर तेवढंच अंतर जायला जवळपास दुप्पट शक्ती लागते, पण अंतर इतकं थोडं असतं की हिशेब फारसा बदलत नाही. तेव्हा अडीचशेच कॅलरी काढायच्या, आणि त्या तेल, साखर, तळणातून काढायच्या. एक मोठा चमचा (१५ मिली) तेल म्हणजे १२० कॅलरी. साखरेचा एक छोटा चमचा १६ ते २०. तळलेल्या खाऊची ३० ग्रॅमची मूठ दीडशेच्या घरात जाते. घरी बसलं की हात डब्याकडे जातोच. तो डबा उठल्याशिवाय हाती लागणार नाही असा ठेवा.

प्रथिनं मात्र वाढवायची. दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम धरा, म्हणजे तुम्हाला दिवसाला ९५ ते ११५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा. सगळी प्रथिनं एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा दिवसातून चार वेळा २५-२५ ग्रॅम घ्या. अंदाज यावा म्हणून: एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात ६ ते ७, शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात ९, शिजवलेल्या १०० ग्रॅम कोंबडीत ३० च्या जवळपास. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत, पण ३० ग्रॅमला १७० कॅलरीही येतात, त्यामुळे ते मोजून खा.

कॅल्शियम दिवसाला १,००० मिलिग्रॅम पुरतं, पन्नाशीपुढच्या स्त्रियांना १,२००. गोळी घेत असाल तर ती आणि लोहाची गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, कारण कॅल्शियममुळे लोहाचं शोषण कमी होतं. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी झाली नसेल तर डॉक्टरांशी त्याबद्दल बोला. तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर बंद करा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड सांधायला उशीर होतो. आणखी एक चूक फार जण करतात: बाथरूमपर्यंत कुबड्या टेकत जायचा कंटाळा म्हणून पाणीच कमी पितात. त्याने बद्धकोष्ठता वाढते, पोट फुगतं आणि माणसाला वाटतं आपण जाड झालो. पाणी नेहमीइतकं प्या आणि प्रत्येक जेवणात भाजी ठेवा.

व्यायामाकडून या काळात कॅलरी जाळण्याची अपेक्षा ठेवू नका. खुर्चीत बसून अर्धा तास हात चालवले तरी जादा खर्च शंभराच्या आतच राहतो. हा व्यायाम स्नायू टिकवण्यासाठी आहे. डॉक्टरांचा होकार घेऊन एक दिवसाआड अर्धा तास पुरे.

पाठीवर झोपा. दुखऱ्या पायाची मांडी आवळून गुडघा सरळ करा, पाय फूटभर उचला, तीन सेकंद धरा, सावकाश खाली आणा. असे १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या. प्लास्टरचं वजन असतंच, वेगळं वजन बांधू नका. मग चांगल्या बाजूच्या कुशीवर वळून वरचा पाय बाजूला उचला, त्यानंतर पालथं होऊन गुडघा दुमडा. पुन्हा पाठीवर येऊन चांगल्या पायाची टाच जमिनीवर दाबा, दुखरा पाय सरळ हवेत ठेवा आणि कंबर उचला, ८ ते १० वेळा. चांगल्या पायाचा व्यायाम वगळू नका. एका पायाची ताकद वाढवली की बांधलेल्या पायाची ताकदही थोडी टिकते, कारण त्यात मज्जासंस्थेचा भाग मोठा असतो.

हातांसाठी एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या घ्या, प्रत्येकी एक किलोच्या होतात. कुबड्यांनी खांदे पुढे ओढले जातात, म्हणून मागे ओढण्याचे प्रकार जास्त करा. दम लागायला हवा असेल तर खुर्चीत बसून ४० सेकंद जोरात ठोसे मारा, २० सेकंद थांबा, असं दहा वेळा. खुर्ची भिंतीला टेकवलेली असावी आणि दुखरा पाय समोर स्टुलावर. पाय लोंबकळत ठेवून व्यायाम केला की सूज उतरते ती बोटांत, आणि प्लास्टर काचायला लागतं. संपल्यावर पंधरा-वीस मिनिटं पाय छातीपेक्षा वर ठेवून पडा. एका पायावर उड्या मारत घरभर फिरणं हा व्यायाम नव्हे, त्याने चांगल्या पायाची टाच आणि गुडघा धरतो.

तुमच्या हाडाबाबत एक खास सूचना. पाचव्या मेटाटार्सलच्या बुंध्याला, म्हणजे घोट्याकडच्या टोकाला, पोटरीच्या बाहेरच्या बाजूचा एक स्नायू जोडलेला असतो. पाऊल बाहेरच्या दिशेला जोराने वळवलं की तो मोडलेल्या जागीच ओढ देतो. प्लास्टर निघाल्यावरही ही हालचाल फिजिओथेरपिस्टने सांगेपर्यंत करू नका. मोडलंय ते अगदी बुंध्याशी की त्याच्या थोडं पुढे, हेही डॉक्टरांना विचारा. पुढच्या भागाला रक्तपुरवठा कमी असतो आणि तो सांधायला जास्त वेळ घेतो.

पोटरी अचानक दुखली, तापली, पाय सुजला किंवा प्लास्टर एकदम घट्ट वाटलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट तातडीच्या विभागात जा. शिरेत रक्ताची गुठळी होणं हा या काळातला खरा धोका आहे. मधुमेह असेल आणि पायाची संवेदना कमी झालेली असेल तर यापुढचे दुखण्यावर आधारलेले नियम तुम्हाला लागू नाहीत, प्रत्येक पायरी डॉक्टरांनीच ठरवावी.

पाय टेकवायची परवानगी मिळाली की बाजूला ठेवलेला काटा उपयोगी पडेल. पाव वजन टाका असं सांगितलं असेल तर दुखरं पाऊल काट्यावर ठेवून, कुबड्यांचा आधार घेत, काटा २० किलोच्या आसपास येईपर्यंत दाबा. तो दाब पायाला ओळखीचा झाला की चालताना तेवढाच ठेवता येतो. वॉकिंग बूट (प्लास्टरनंतर चालण्यासाठी देतात तो टणक, जाड तळाचा बूट) मिळाला तर दुसऱ्या पायात जाड तळाचा बूट घाला, नाहीतर उंचीच्या फरकाने कंबर धरते. डॉक्टरांच्या होकारानंतर जागची सायकल १० मिनिटं चालवा, पेडलवर चवडा नको, टाच ठेवा. जखम किंवा टाके पूर्ण भरले असतील तर पोहणं उत्तम, मात्र दुखऱ्या पायाने भिंतीला रेटा द्यायचा नाही.

रोज किती करायचं हे दुखण्यावरून ठरवा. दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं दिसलं तर आदल्या दिवशी जास्त झालं. वेदनाशामक घेऊन व्यायाम केला तर ही खूणच हरवते. सपाट जागी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, इथून सुरुवात करा आणि दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवा.

एक्स-रेमध्ये हाड सांधलेलं दिसलं की मग वजन उतरवायला घ्या: रोज ३०० ते ४०० कॅलरी कमी, प्रथिनं तशीच, आठवड्याला फार तर अर्धा किलो. पाच किलोमीटर मात्र दुखऱ्या पायावर एकट्याने उभं राहून टाच १५ वेळा पूर्ण उचलता आली की मगच.