पंपावरचा नंबर खरा, पण येतो भलताच पार्ट

प्रश्न : माझ्याकडे १९५० च्या दशकातली ब्रिटिश सलून मोटारगाडी आहे. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी गळतंय. पंपाच्या अंगावर ओतकामातच उठलेला नंबर आहे, तो देऊन दोनदा पंप मागवला, दोन्ही वेळा बसला नाही. नंबर तर तोच आहे, मग चुकतंय कुठे? तोवर ते भोक एम-सील लावून बंद करू का?

उत्तर : आधी भोकाचं सांगतो, ते अजिबात बुजवू नका. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं. बुजवलंत तर गळती दिसायची थांबेल, पण बेअरिंग आतल्या आत गंजेल आणि एक दिवस पंख्यासकट पुली डुगडुगायला लागून पंखा रेडिएटरमध्ये घुसेल.

आता नंबर. बिडाच्या किंवा अॅल्युमिनियमच्या अंगावर उठलेला नंबर बहुतेक वेळा कास्टिंग नंबर असतो, म्हणजे तो त्या कच्च्या ओतीव तुकड्याचा नंबर, तयार पंपाचा नाही. एकच ओतीव तुकडा घेऊन कंपनी एका मॉडेलसाठी एका जागी भोक पाडायची, दुसऱ्यासाठी दुसरीकडे, कुठे लांब दांडा कुठे आखूड, आणि पार्ट नंबर मात्र प्रत्येकाचा वेगळा. मीसुद्धा सुरुवातीला असाच कास्टिंग नंबरवर विसंबून पंप मागवला होता, बोल्ट सगळे बरोब्बर बसले पण पुली जवळजवळ अर्धा इंच पुढे आली आणि पट्टा तिरका चालायला लागला. तेव्हापासून माप घेतल्याशिवाय मी काहीच मागवत नाही.

म्हणून जुना पंप फेकू नका, आत्ता तुमच्याकडचा सगळ्यात खात्रीचा पुरावा तोच आहे. जिथे गॅस्केट बसतं तो भाग कागदावर दाबून पेन्सिलीने घासा, पूर्ण आकार आणि भोकं उमटतील, पंप ओळखायला एवढं चांगलं दुसरं काही नाही. मग व्हर्नियरने मापं घ्या: गॅस्केटच्या तोंडापासून पुली टेकते त्या तोंडापर्यंतची उंची (सगळ्यात जास्त चुका इथेच होतात), बोल्टच्या भोकांची मध्य ते मध्य अंतरं, हबवरच्या भोकांची संख्या, इंपेलरचा (पंपाच्या आतलं, पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) व्यास आणि त्याची पाती कुठल्या बाजूला वळलीत ते, होज चढते त्या नळीचा बाहेरचा व्यास. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, नुसत्या फोटोवरून आकार कुणालाच कळत नाही.

शोधताना गाडीचं नाव बाजूला ठेवा आणि इंजिनाचं नाव धरा. बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन घ्या, १४८९ सीसीचं, ते एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं, ऑस्टिन केंब्रिजमध्ये होतं, मॉरिस ऑक्सफर्डमध्येही होतं. त्याहून गंमत म्हणजे ट्रायम्फ टीआर२ ही स्पोर्ट्स कार आणि फर्ग्युसन टीई२० ट्रॅक्टर यांची इंजिनं स्टँडर्ड या कंपनीच्या एकाच कुळातली. त्यामुळे जो भाग स्पोर्ट्स कारवाल्यांकडे मिळत नाही तो कधी व्हॅन, ट्रॅक्टर नाहीतर जनरेटरच्या इंजिनांचे पार्ट ठेवणाऱ्याकडे पडलेला असतो. पण कुळ एक म्हणजे पंप एक असं नाही हं, वरची मापं जुळवल्याशिवाय घेऊ नका.

आणि एवढं करूनही नाही मिळाला तर माझं मत स्पष्ट आहे, जुनाच पंप पुन्हा बांधून घ्या. बऱ्याच पंपांत बेअरिंग आणि दांडा मिळून एकच वस्तू असते, तिच्या बाहेरच्या कड्यावर बेअरिंगवाल्या कंपनीचा नंबर कोरलेला असतो, आणि तो नंबर गाडीच्या नंबरापेक्षा कितीतरी लवकर सापडतो. नंबर पुसला असेल तर बाहेरचा व्यास, दांड्याची जाडी आणि दोन्ही टोकांकडची लांबी मोजा. ३० मिमी बाहेर आणि साधारण १६ मिमी दांडा हे माप अजूनही सर्रास बनतं. खोलण्याआधी दोन गोष्टी: इंपेलर आणि अंग यांच्यातली फट मोजून लिहून ठेवा, आणि बेअरिंग अडकवणारी तारेची क्लिप किंवा स्क्रू आहे का ते बघा. ती न काढता प्रेसवर दाबलंत तर अंगच तडकेल आणि ते तर कुठेच मिळणार नाही.

प्रश्न : जग्वारच्या एक्सके इंजिनात मूळ थर्मोस्टॅट (पाणी तापलं की आपोआप उघडणारी झडप) काढून नवा, आत मेण असलेला घातला, व्यास अगदी तोच, तापमानही तेच. तरी चढावर काटा वर जातो. रेडिएटर साफ आहे.

उत्तर : जुना थर्मोस्टॅट अजून ठेवला असेल तर हातात घेऊन बघा, त्याला खाली पत्र्याची गोल बाही असेल. इंजिन गार असताना पाणी बायपासमधून, म्हणजे रेडिएटरला वगळणाऱ्या वाटेने फिरतं, आणि थर्मोस्टॅट उघडला की ही बाही बायपासचं तोंड झाकते म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. तुमच्या नव्याला बाही नाही, त्यामुळे गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरला न जाता बायपासमधून परत इंजिनात येतंय. व्यास आणि तापमान जुळलं म्हणून पार्ट जुळला असं इथे होत नाही. बाहीवाला शोधा, किंवा असा मेणाचा की ज्याच्या खालच्या टोकाला बायपास झाकणारी चकती आहे, पण ती चकती तुमच्या हाउसिंगमध्ये खरंच त्या तोंडावर टेकते का हे उंची मोजून बघा. काहीजण बायपास पूर्ण बंदच करतात, मला ते पटत नाही, इंजिन गरम होईपर्यंत हेडमधलं पाणी मग जागचं हलत नाही.

जुन्या साठ्यातला न वापरलेला मिळाला तरी आधी तपासा. पातेल्यात दोऱ्याने टांगा, बुडाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. अंगावर ७४ किंवा ८२ (अंश सेल्सिअस) छापलं असेल तर उघडायला सुरुवात त्याच्या आसपास व्हायला हवी, पूर्ण उघडायला त्यावर अजून दहाएक अंश लागतात. जुने भात्यासारखे असतात ते भोक पडलं की बहुधा उघडेच राहतात, मेणाचे बिघडले तर बंद राहू शकतात, म्हणून मेणाच्याबाबतीत जास्त जपा.

प्रश्न : रेडिएटरला ७ पीएसआय (दाबाचं माप) च्या कॅपऐवजी १५ ची लावली तर गाडी कमी उकळेल ना?

उत्तर : उकळायला उशीर लागेल एवढं खरं, दर पीएसआयला साधारण दीड अंश सेल्सिअस. पण गरम होण्याचं कारण तसंच राहतं आणि रेडिएटरच्या जुन्या पितळी टाकीचे डाग दिलेले सांधे, हीटरची नळी, होज सगळ्यांवर दुप्पट दाब येतो. मूळ दाबाचीच कॅप लावा. कॅपची खोलीही मोजा, फिलर नेकच्या वरच्या काठापासून आतल्या बैठकीपर्यंत. आखूड कॅप खोल नेकवर लावली की घट्ट बसल्यासारखी वाटते पण आतलं रबर टेकतच नाही आणि पाणी ओव्हरफ्लोतून जात राहतं.

प्रश्न : टेंपरेचर सेंडर (पाण्याचं तापमान काट्याला कळवणारा भाग) दोन आटे जातो आणि अडकतो. जोर लावू का?

उत्तर : नको! आट्यांची दोन मापं आहेत, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी: १/८ बीएसपीला इंचात २८ आटे, १/८ एनपीटीला २७, डोळ्यांना दोन्ही सारखेच. पिच गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) लावून बघा, आट्याचा कोनही वेगळा असतो, ५५ आणि ६० अंश. जोर लावलात तर हेडमधले आटे जातील. योग्य आट्याचा सेंडर घ्या, नाहीतर मधे पितळी अॅडॉप्टर लावा, फक्त सेंडरचं टोक वाहत्या पाण्यात बुडेल एवढा तो आखूड हवा, नाहीतर काटा खोटं दाखवेल.