तारीख नसलेला पॉलिशचा डबा

लाखेच्या पॉलिशबद्दल तेच ते प्रश्न वारंवार येतात, म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

जेवणाच्या टेबलाला लाखेचे पॉलिश चालेल का?
नाही. गरम भांड्याने डाग पडतो आणि मद्य किंवा अमोनियाचे क्लीनर सांडले की थर विरघळतो.

तयार पॉलिश लावून चार दिवस झाले, तरी बोट चिकटते. दुकानदार म्हणतो, हवा दमट आहे. आणखी थांबू का?
थांबू नका! दमट हवेत थर पांढुरका पडतो, पण चार-चार दिवस चिकट राहत नाही. तुमचे पॉलिश शिळे आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळली की तिच्यातली आम्ले आणि अल्कोहोल यांची हळूहळू क्रिया होऊन एस्टर नावाची संयुगे तयार होतात. असा थर कितीही वाट पाहिली तरी नीट कडक होत नाही. उष्ण हवेत ही क्रिया आणखी वेगाने होते. असे असताना डब्यावर चकचकीत टेबलाचे चित्र छापायचे आणि बनवल्याची तारीख मात्र छापायची नाही, ही सरळ फसवणूक आहे. तारीख नसेल तर डबा घेऊच नका. चपडा लाख (लाखेचे सुके पातळ पापुद्रे) आणून स्वतः भिजवा: एक लिटर स्पिरिटला साधारण २४० ग्रॅम. अधूनमधून हलवत रात्रभर ठेवा, फडक्यातून गाळा आणि बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांनंतर ते वापरू नका. लावण्यापूर्वी काचेवर एक थेंब सुकवा. दुसऱ्या दिवशी त्यात नख रुतले तर सगळे फेकून द्या. तुमचा चिकट थर ताज्या स्पिरिटच्या फडक्याने पुसून निघेल. पण लाकडावर व्हिनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) असेल तर आधी पॉलिशवाल्याला दाखवा.

लाखेवर पॉलियुरेथेन (कृत्रिम वार्निश) दिले तर चालेल?
लाख मेण काढलेली असेल तर चालेल. साध्या लाखेत तीन ते पाच टक्के मेण असते आणि त्यावर वरचा थर नीट धरत नाही. ‘सगळी लाख सारखीच’ या ऐकीव गोष्टीवर जाऊ नका. टाकाऊ फळीवर करून पाहा.

आजोबांच्या कपाटावर लाखच आहे, हे कसे ओळखायचे?
मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. थर लगेच चिकट झाला तर बहुधा लाखच आहे. मात्र खरवडायला घेऊ नका. लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे जुने पॉलिश बहुतेक वेळा न काढताच दुरुस्त होते. जुन्या फर्निचरचा जाणकार गाठा, तोही लवकर. लाकडात ओल शिरत राहिली तर अशी दुरुस्तीही जमणार नाही.

कोणतेही स्पिरिट चालते ना?
नाही. इथिल अल्कोहोल घ्या. मेथिल अल्कोहोल वाफेतून आणि त्वचेतूनही शरीरात जाते, त्याने दृष्टी जाऊ शकते. खिडक्या उघडा, हातमोजे घाला आणि जवळपास ज्योत ठेवू नका. काम करताना किंवा दुसऱ्या दिवशीही डोळ्यांपुढे धूसर झाले तर लगेच डॉक्टरकडे जा आणि स्पिरिटच्या डब्याचे लेबल सोबत न्या.