पायोग्लिटाझोनमुळे हाडं ठिसूळ होतात का? मूळपेशींवर नेमका काय परिणाम होतो?

तुमच्या आईचं वय साठीच्या पुढे आहे, मधुमेहाच्या गोळीत पायोग्लिटाझोन आहे आणि ‘ही गोळी हाडांतल्या मूळपेशी मारते’ असं तुम्ही कुठेतरी वाचलंत. तर आधी एवढं सांगतो, मारत नाही. तरीही त्या बातमीत तथ्य आहे.

मी डॉक्टर नाही. अस्थिमज्जेतल्या मूळपेशी वाढवण्याचं काम मी प्रयोगशाळेत केलं आहे, तेवढ्या अधिकाराने लिहितो. मज्जेत मेसेन्कायमल नावाच्या मूळपेशी असतात. त्यांच्यापासून हाड बांधणाऱ्या पेशी बनू शकतात, तशाच चरबीच्या पेशीही बनतात. कुठल्या वाटेने जायचं हे ठरवणाऱ्या रेणूंपैकी एक म्हणजे पीपीएआर-गॅमा. तो जागा झाला की पेशी चरबीकडे वळते. पायोग्लिटाझोन आणि तिची बहीण रोसिग्लिटाझोन नेमकं त्यालाच जागं करतात, साखर उतरते तीही त्यामुळेच. गंमत म्हणजे प्रयोगशाळेत मूळपेशींपासून मुद्दाम चरबीच्या पेशी तयार करायच्या असतात, तेव्हा बशीतल्या मिश्रणात बऱ्याचदा रोसिग्लिटाझोनच घालतात. काही दिवसांत पेशींमध्ये तेलाचे थेंब दिसू लागतात आणि रंग टाकला की ते लालभडक होतात. शिवाय पीपीएआर-गॅमा हाड झिजवणाऱ्या पेशींच्या वाढीलाही हातभार लावतो. म्हणजे बांधणारे गवंडी कमी आणि पाडणारे जास्त.

बशीत दिसतं ते माणसात दिसेलच असं नसतं, पण इथे दिसलं. अडॉप्ट नावाच्या मोठ्या चाचणीत रोसिग्लिटाझोनची मधुमेहाच्या आणखी दोन गोळ्यांशी, मेटफॉर्मिन आणि ग्लायब्युराइड यांच्याशी, तुलना झाली होती. त्यात फ्रॅक्चर झालेल्या स्त्रियांचं प्रमाण रोसिग्लिटाझोनवर 9.3 टक्के, मेटफॉर्मिनवर 5.1 टक्के आणि ग्लायब्युराइडवर 3.5 टक्के होतं. मोडलेली हाडं बहुतेक दंड, हात आणि पाऊल यांतली होती. पुरुषांत असा फरक आढळला नाही. पुढे पायोग्लिटाझोनबद्दलही तोच इशारा आला. म्हणून रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीला ही गोळी चालू असेल तर तुमची काळजी रास्त आहे.

बाकीच्या औषधांना मात्र याच मापाने मोजू नका. मेटफॉर्मिन बशीत हाड बांधणाऱ्या पेशींना मदत करतं असं अनेक प्रयोगांत दिसलंय. त्यावरून ‘मेटफॉर्मिनने हाडं मजबूत होतात’ असे मथळे येतात आणि ते वाचून मला चीड येते. रुग्णांत ते हाडांना अपाय करत नाही, एवढंच ठामपणे म्हणता येतं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांपैकी कॅनाग्लिफ्लोझिनवर 2017च्या कॅनव्हास चाचणीत फ्रॅक्चर वाढलेली दिसली, 2019च्या क्रेडेन्समध्ये ती दिसली नाहीत. सिटाग्लिप्टिनसारख्या ग्लिप्टिन गटातल्या गोळ्यांचं हाडांशी फारसं देणंघेणं नाही.

इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा धोका पेशींतून येतच नाही. इन्सुलिन तर हाड बांधायला मदतच करतं. पण शुगर लो होते, चक्कर येते, माणूस पडतो आणि खुबा मोडतो. माझ्या मते उतारवयात मूळपेशींपेक्षा ही काळजी मोठी आहे. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतल्यावर बी12 कमी होऊ शकतं, मग पाय बधिर होऊन तोल जातो. ती तपासणी सोपी आहे, तरी राहून जाते.

आणि औषधांवर सगळं खापर फोडण्याआधी मधुमेहाकडेही बघा. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाला साखरेचे रेणू चिकटतात आणि त्याची लवचिकता जाते. टाइप 2 मध्ये डेक्सा स्कॅनवर (हाडांची घनता मोजणारी तपासणी) घनता नॉर्मल, कधीकधी जास्तच दिसते, पण हाड आतून कमकुवत असतं. त्यामुळे ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून निश्चिंत होऊ नका. त्या रिपोर्टमध्ये टी-स्कोअर असतो, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत घनता किती कमी-जास्त आहे तो आकडा; मधुमेहात तो उणे 2.0 असतानाच उपचारांचा विचार करावा असं आता मानलं जातं, इतरांत ही रेषा उणे 2.5 आहे.

गोळी मात्र परस्पर बंद करू नका. साखर एकदम चढेल, आणि पायोग्लिटाझोन कदाचित फॅटी लिव्हरसाठी किंवा पक्षाघाताचा धोका कमी करायला मुद्दाम दिलेलं असेल. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘हे कशासाठी दिलंय आणि याऐवजी दुसरं चालेल का?’ पाकिटावरची नावंही नीट वाचा, कारण एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि पायोग्लिटाझोनसोबत त्यात ग्लिमेपिराइडही असू शकतं. आई नुसतं घरात घसरून कधी मनगट किंवा पाऊल मोडून बसली असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. प्लॅस्टर घालणारा डॉक्टर वेगळा आणि साखर बघणारा वेगळा असला की ती नोंद सहसा इकडून तिकडे पोहोचत नाही.