रात्रीच्या स्ट्रायपरसाठी (स्ट्राइप्ड बास मासा) गळाची दोरी कोणती घ्यावी?

न्यू जर्सीच्या वाळूच्या किनाऱ्यावरून सुरुवात करत असाल तर 30 पाउंडाची (इतका ताण सोसणारी) ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, दोरी घ्या. न्यूयॉर्कमधल्या मोंटॉकसारख्या खडकाळ जागी मात्र 40 ते 50 पाउंडाचीच. मोनो, म्हणजे एकाच अखंड धाग्याची नायलॉनची दोरी, स्वस्त पडते, पण ती ताणते. लांबवर फेकल्यावर अंधारात माशाचा हलका ठोका हाताला कळतच नाही. रात्री डोळ्यांचं काम बोटांनाच करायचं असतं, म्हणून माझं मत ब्रेडलाच.

ब्रेड थेट रिळावर गुंडाळू नका, घसरते. खाली थोडी मोनो भरा. रीळ काठाच्या 2-3 मिलिमीटर खालपर्यंतच भरा. जास्त भरलीत की सैल वेटोळी एकदम सुटतात आणि गुंता होतो, जो अंधारात सोडवणं फार कठीण. फेकल्यावर बेल (रिळावर दोरी धरणारी तारेची कमान) हाताने बंद करा, दोरी बोटाने ताणून घ्या, मगच हँडल फिरवा. गुंते बहुतेक इथेच टळतात.

ब्रेड ताणाला पक्की, पण खडकावर घासली की तुटलीच. म्हणून पुढे 30 ते 50 पाउंडाचा, दोन-तीन फुटांचा लीडर, म्हणजे गळाआधी जोडायचा घासणं सोसणारा तुकडा, हवाच. जोडायला डबल युनि गाठ शिका. आवळण्याआधी ती ओली करा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने लीडर कमजोर होतो. प्रत्येक माशानंतर लीडर चिमटीत धरून ओढून बघा. खरखरीत लागला तर तेवढा कापून गाठ नव्याने बांधा.

रंग पांढरा किंवा पिवळा घ्या. हेडलॅम्पच्या उजेडात तो तुम्हाला दिसायला हवा.